पाच आठवडे उघडी ठेवलेली तक्रार

प्रिय बाबा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, दोनदा, आणि दोनदा खोडलं. सात वर्षं ज्या माणसाला साधं 'कसे आहात' विचारलं नाही, त्याला एकदम तीर्थरूप म्हणायला हात धजेना. म्हणून प्रिय. तेवढं तरी खोटं नाही. सकाळपासून मी या पत्राला बसते आहे आणि उठते आहे. दोरीवरचे कपडे तीनदा चाचपून आले. दूध तापवलं आणि प्यायचं विसरले. आज सुट्टी आहे, घरात कुणी नाही, लिहायला कुणाची आडकाठी नाही, तरी दर चार ओळींनी खुर्ची टोचते.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण बाकीचं सगळं तिथूनच निघतं. मी एका ऑनलाइन दुकानात नोकरीला आहे. तिथे कॉम्प्युटरवर खेळायचे गेम विकतात. डबा नाही, चकती नाही, गिऱ्हाईक घरबसल्या गेम घेतं आणि तो त्याच्या मशीनवर उतरतो. शंभरातल्या पंच्याण्णव जणांकडे विंडोज असतं. उरलेल्यांत थोडे मॅकवाले, आणि दोनेक जण लिनक्सवाले. म्हणजे तुम्ही लोकांचे टाकाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यांत जी सिस्टिम घालून देता, ती वापरणारे. माझं टेबल त्या दोघांचं. चार मजल्यांच्या ऑफिसात आमची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवायचे, पावसाळी दिवसांत अजून फिनेलचा वास यायचा. सगळे मला 'दोन टक्के' म्हणायचे. "दोन टक्के आल्या का?" "दोन टक्क्यांनाही चहा सांगा रे." मला राग यायचा नाही. नावाने हाक मारणारे तसेही फारसे उरले नव्हते.

या दोन टक्क्यांशी दुकान कसं वागतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही भोगलंय. गेमच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, तुमच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. चालत असतो, पण आमच्याकडे कुणी लावून बघितलेलाच नसतो. जिथे 'चालतो' असं लिहिलंय तिथे कधी आवाज येत नाही, कधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तक्रार केली की चार ओळींचं तयार उत्तर जातं: आपल्या सिस्टिमला सध्या सपोर्ट नाही, शक्य असल्यास विंडोज वापरावे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चप्पल लागते म्हणून दुकानात सांगायला जावं आणि दुकानदाराने 'पाय बदलून या' म्हणावं, तसलाच प्रकार. तरीही ही माणसं चिकाटीने येतात, आणि त्यांच्या तक्रारी इतक्या नेटक्या असतात की वाचताना बरं वाटतं. बाकीचे लिहितात, 'गेम चालत नाही, पैसे परत करा.' हे लिहितात काय केलं, काय दिसलं, कुठपर्यंत पोचलं आणि कुठे अडलं. त्यांनी दाखवलेला दोष पुष्कळदा विंडोजवरही असतो, तिथे कुणाच्या लक्षात आलेला नसतो इतकंच.

आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी अशीच एक तक्रार माझ्यापुढे आली. होडी चालवायचा गेम, नदीच्या या काठावरून त्या काठावर उतारू न्यायचे. गेम सुरू होतो, पण हातात धरायचा पॅड त्याला दिसतच नाही. खाली तीन मथळे होते: लक्षण, तपासणी, अंदाज. बाबा, नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओला तुम्ही दोऱ्याने जो पुठ्ठा बांधायचात त्यावर हेच तीन शब्द असायचे, आणि मला अक्षरं नीट जुळवता येत नव्हती तेव्हापासून मी ते तुमच्यासाठी लिहून ठेवायचे. 'तपासणी'त तुम्ही लिहिलं होतं, 'पॅड उघडून बटणांखालची रबरे पातळ केली आहेत, परंतु त्याआधीही हाच दोष होता, त्यामुळे त्याला जबाबदार धरू नये.' मला हसूच फुटलं. वाटलं, नवीन वस्तू घरात आली की पहिलं काम ती उघडून बघायचं, सवय काही गेली नाही.

होय. 'ग्राहक सेवा विभाग' म्हणून तुम्हाला उत्तरं देणारी मीच होते. सगळी.

आता जे सांगायचंय त्यासाठी मी मघाशी उठून खाली रस्त्यापर्यंत जाऊन आले. तुमचा अंदाज बरोबर होता. गेम ज्यातून उघडतो ते आमचं ॲप स्वतःभोवती भिंत घालून चालतं आणि पॅडला आत यायची परवानगी नव्हती. एका फाइलमध्ये तीन ओळी घातल्या की काम होणार होतं. हे मला दुसऱ्याच दिवशी दुपारी सापडलं. मी स्वतः तसलाच पॅड लावून बघितला, होडी हलली. उत्तर लिहूनही झालं. पाठवायच्या बटणावर बोट होतं. आणि मनात आलं, हे गेलं की तक्रार बंद. मग तुम्ही कशाला लिहाल?

मी ते पुसलं आणि विचारलं, 'कृपया आपण कोणती आवृत्ती वापरता ते कळवावे.'

तुम्ही कळवलंत. मग मी वायर बदलून बघायला सांगितली. मग दुसऱ्या पोर्टला लावायला. तुम्ही प्रत्येक गोष्ट करायचात आणि तारीखवार लिहून पाठवायचात. तुम्ही मला 'आपण' म्हणत होतात. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात मी तुमच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं, एकदा तरी 'छान केलंस' म्हणाला होतात का? एका पत्रात मात्र तुम्ही लिहिलंत, 'आपल्या प्रश्नांवरून आपण हाताने काम शिकलेले दिसता. हल्ली असे कमी भेटतात. कोणाकडे शिकलात?' मी ते वाक्य दिवसभर उघडून उघडून वाचलं. उत्तरात लिहिलं, 'घरीच शिकलो.' शिकले नाही, शिकलो. कंपनीच्या आडून बोलायचं तर पुरुष व्हायला मला एक अक्षर पुरलं. अशी माझी पाच आठवडे मजा चालली होती. मी सकाळी लवकर ऑफिसात जायचे. जिन्याखालच्या खोलीत गुणगुणायचे.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी आपल्यात जे झालं ते मी पुन्हा उकरत नाही. गिऱ्हाइकांसमोर मी तुमच्या दुकानाला भंगार म्हणाले आणि तुम्ही 'जा' म्हणालात. दोघांनीही शब्द खाली पडू दिला नाही. पण आईचं वेगळं होतं. तुम्हाला माहीत असेल-नसेल, ती मला दर रविवारी फोन करायची, तुम्ही बाजारात गेलात की. मग गेल्या वर्षी एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी दोनदा केला, बंद. मला वाटलं, तुम्हाला कळलं आणि तुम्ही तिला बोललात. मला वाटलं, तीही शेवटी तुमच्याच बाजूची. मीही मग फुगून बसले. तिसऱ्यांदा फोन केला नाही. शेजारी कुणाला विचारलं नाही. तिसरा फोन, बाबा, तेवढा एक जरी केला असता.

पाचव्या आठवड्यात मी तुम्हाला पोर्ट बदलायला परत एकदा सांगितलं, तेव्हा तुमचं ते पत्र आलं. मला ते पाठ आहे. 'महोदय, आपल्या कामाचा व्याप मी समजू शकतो. हा गेम मी हौसेखातर घेतलेला नाही. माझ्या पत्नीस तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात व वाचा गेली. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी दवाखान्यात हाच गेम तिच्यापुढे ठेवला होता, त्यावर तिचा अंगठा प्रथम हलला. घरी रोज सराव व्हावा म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरवर तो बसवला आहे. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात असे ताई म्हणतात. ते चालले आहेत.'

माझ्या आईला झटका आला हे मला एका ग्राहकाच्या तक्रारीतून कळलं. तिच्या हातात बटण दाबायचं बळ नव्हतं म्हणून तुम्ही ती रबरं पातळ केली होतीत, आणि मी हसले होते. आणि त्या महत्त्वाच्या महिन्यांतले पाच आठवडे मी तिच्याकडून काढून घेतले होते, का, तर मला पत्रं हवी होती.

तीन ओळी पाठवायला मला चार मिनिटं लागली. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. परत आले तर तुमचं उत्तर आलेलं होतं. 'चालले. आभारी आहे.' तक्रार बंद झाली.

तेव्हाच निघायला हवं होतं. कुणीही निघालं असतं. मी बॅगही भरली, आणि भरलेली बॅग दाराशी आठवडाभर तशीच होती, येता-जाता तिच्यावर पाय आपटायचा. कोणत्या तोंडाने येऊ? 'आजारी असल्याचं कळलं म्हणून आले' म्हणाले तर तुम्ही विचारणार, कुणी सांगितलं. मग सगळंच सांगावं लागणार. मी बॅग रिकामी केली. त्याऐवजी कंपनीच्या नावाने तुम्हाला विचारत राहिले, सर्व सुरळीत आहे ना, आणखी काही मदत? दोन महिन्यांनी तुम्ही एक छोटी चित्रफीत पाठवलीत, आमच्या कामी येईल म्हणून. तीत आईचा चेहरा नाही, फक्त हात आहे. किती वाळलाय तो. अंगठा कापत कापत बटणावर येतो, होडी जरा सरकते, काठाला आदळते, परत फिरते. मागून तुमचा आवाज येतो, "सावकाश. उतारू थांबलेत, कुठे पळून जात नाहीत." असा तुमचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मग होडी पलीकडे लागते आणि आई काहीतरी म्हणते, शब्द नाही, नुसता आवाज, पण तो हसण्याचा आहे. मी ते इतक्या वेळा बघितलंय की त्यातला प्रत्येक उतारू मला ओळखतो असं वाटतं.

गेल्या महिन्यात वरिष्ठांची बैठक झाली. भिंतीवर एक मोठा गोल आणि त्यात दोन टक्क्यांची बारीक फाक. मी बोलायला उभी राहिले. या लोकांनी दाखवलेले किती दोष सगळ्यांच्याच उपयोगी पडले ते यादी करून सांगितलं. ऐकून घेतलं, चांगलं म्हणाले, आणि ठरलं तेच ठरलं. येत्या पंधरा तारखेला लिनक्सवरचं आमचं ॲप बंद होणार. त्या दिवशी मी जिन्याखालची खोली आवरली आणि सरळ आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे जाऊन तुमच्या तक्रारीचं सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. पण ते पोटात घेऊन नवीन टेबलावर बसणं मला जमलं नसतं. मॅडमनी सगळं ऐकलं. "उपाय माहीत असून दिला नाहीस?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. त्यांनी मला पैसे परत करायच्या विभागात बसवलं आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम वर्षभरासाठी काढून घेतलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता हे पत्र का, ते. पंधरा तारखेनंतर ॲप स्वतःला बदलेल आणि आईचा गेम उघडणार नाही. त्याआधी गेम आणि तिने आजवर जमवलेलं सगळं बाजूला काढून ठेवलं तर तो ॲपवाचून चालत राहील. गेम बनवणाऱ्यांना मी विचारलं, त्यांची हरकत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते करायला मला स्वतः यायचंय. गुरुवारी रजा टाकली आहे, दुपारच्या बसने पोचेन. आईला आधी सांगून ठेवा, एकदम समोर बघून तिला धक्का नको. मी तिला पाच आठवड्यांचं सांगणार आहे, तिला बोलता येत नसलं तरी. तुम्ही मला घरात घ्यालच असं मी धरून चाललेले नाही. म्हणून काय करायचं ते सगळं दुसऱ्या कागदावर पायरी-पायरीने लिहून सोबत जोडलंय. एकही पायरी गाळलेली नाही, तुम्ही एकटे सहज कराल. म्हणजे माझी गरज नाही, हे मला माहीत आहे. या वेळी उपाय आधी देते आहे, आणि मग तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. माझा नंबर त्याच कागदावर खाली आहे. 'नको येऊस' एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण मला 'तू' म्हणून लिहा.

तुमचीच,
बारकी