विजेचं पान

पुणे

सौ. शीला हिस आशीर्वाद,

मी बरा आहे, औषध वेळेवर घेतो. खैरलांजीत आपली धानाची रोवणी कुठवर आली?

आपली लेक पौर्णिमा आता इथं टॅरोचे पत्ते पाहून भविष्य सांगते. मी तुझ्या नावानं एक पान काढायला लावलं. जळता बुरूज आणि खाली कोसळणारी माणसं निघाली!

"बाबा, घाबरता काहून? इटलीत हे खेळायचे पत्ते होते. टॅरो नाव त्या खेळावरूनच पडलं. भविष्य लोकांनी मागून जोडलं."

मला धीर आला. मग तीच म्हणाली, "पहिले या पानाले वीज म्हणत."

तेव्हापासून घास उतरत नाही. पत्ते खोटे असतील, वीज खोटी नसते. आभाळ गरजलं की रोवणी टाकून घरी ये, मोहाच्या झाडाखाली थांबू नकोस. बाया हसल्या तर हसू दे.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
डोमाजी