गाडीबरोबर चालण्याचा नियम

आल्टूना, पेनसिल्व्हेनिया
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय व्हर्नाताई,
सा. न. वि. वि.

तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत, म्हणून नॉर्माने पुढ्यात कागद ठेवलाय. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय अजून रुसलेलाच आहे. तळघराचा जिना डॉक्टरने कायमचा बंद केला. तेव्हा ठरवलंय, तिथे मांडलेली माझी छोटी मॉडेल रेल्वे विकून टाकायची. मार्चच्या पहिल्या शनिवारी एक गिऱ्हाईक बघायला येतंय.

दर मंगळवारी गाड्या चालवायला येणारी मंडळी मात्र रंगात आहेत. नॉर्माने दुकानातले सगळ्यात स्वस्त फोन आणले, सिमसुद्धा नसलेले. त्यात एक फुकटचं अ‍ॅप घातलं की घरच्या वायफायवर तो फोन इंजिनाचा कंट्रोलर होतो. बोटाने वेगाची पट्टी सरकवायची, भोंगा वाजवायचा. पूर्वी वायरी गुंतून आम्ही म्हातारे एकमेकांना बांधले जायचो, ते संपलं. खरं सांगतो ताई, ज्या फोनांना दुकानात कुत्रं विचारत नव्हतं, त्यांनी कमाल केली.

नॉर्मा म्हणते, वर स्वयंपाकघरात बसून चालव की. पण खाली भिंतीवर माझ्याच हातची पाटी आहे: जो गाडी चालवेल, त्याने गाडीबरोबर चालावं. या पाटीपायी मी भल्याभल्यांना झापलंय. आता मीच कसा मोडू? नॉर्माला काय, ती लग्नापासून तळघरात वॉशिंग मशीनच्या पलीकडे कधी गेली नाही. तो तुमचा मुलूख, म्हणते.

सांभाळून राहा. धाकट्यावर माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा आर्लन

*

ईरी
१५ फेब्रुवारी

चि. आर्लन यास,
अ. उ. आ.

रेल्वे विकून दिवसभर करणार काय? नॉर्माच्या सूपमध्ये मीठ कमी, एवढंच सांगत बसणार? लहानपणी ख्रिसमसच्या झाडाभोवती तुझी गाडी फिरायची, तेव्हा तिला हात लावला म्हणून तू मला चावला होतास. वण अजून आहे. त्या वणाची तरी लाज राख.

इथे तळ्यावरून येणारा बर्फ थांबायचं नाव घेत नाही, नाहीतर स्वतः येऊन कान पिळला असता. औषधं वेळेवर घे. नॉर्माला म्हणावं, ते चॉकलेटचे छोटे केक, गॉब, पाठव, मधलं क्रीम सढळ हाताने घाल.

रागावले तरी तुझीच,
व्हर्ना

*

आल्टूना
२१ फेब्रुवारी

ती. व्हर्नावन्सं यांना,
सप्रेम नमस्कार.

काल इथे जे झालं ते कळवल्याशिवाय राहवेना. मंगळवारची मंडळी खाली होती. त्यांतला एल्डन आपली गाडी उभी करून गॉब खायला वर आला, फोन मागच्या खिशात. त्या फोनचं बाजूचं बटण दाबलं की इंजिनाचा वेग वाढतो. एल्डनचं ते भारदस्त बूड खुर्चीला टेकलं आणि खाली मालगाडी सुटली!

कुणालाच पत्ता नाही. पण तुमच्या बंधुराजांची मान ताठ झाली. जमिनीतून येणारा आवाज ऐकून ओरडले, अरे एल्डन, तुझी गाडी बोगद्यातून बाहेर पडली, पुढे जिन्याजवळचा पूल तू वर येताना उचलून ठेवलायस, थांबव! एल्डनच्या तोंडात गॉब, खिशात हात जाईना. शेवटी यांनीच त्याला काठीने उठवलं, फोन उपसला आणि गाडी थांबवली. खालून सगळे ओरडले, इंजीन पुलाच्या अगदी कडेला उभं आहे. वन्सं, न बघता! चाकांच्या आवाजावरून! मला यांचं इतकं कौतुक वाटलं की मी सगळ्यांदेखत मुका घेतला.

म्हटलं, आता तरी पटलं ना? तर म्हणे, थांबवणं वेगळं, चालवणं वेगळं; नियम तो नियम. फोन टेबलावर ठेवला आणि जेवले नाहीत. रेल्वे गेली तर हा माणूस खिडकीशी बसून संपून जाईल, मला दिसतंय. तुमचंच काय ते ऐकतात. काहीतरी लिहा.

गॉब सोबत पाठवतेय. वहिनीला विसरू नका.
आपली नॉर्मा

*

ईरी
२४ फेब्रुवारी

चि. आर्लन यास,
अ. उ. आ.

गॉब पोचले, आणि तुझा पराक्रमही. आता मुकाट्याने वाच.

माझ्या ओरव्हिलने मरेपर्यंत तळ्याकाठच्या मालगाड्या चालवल्या. गाडीबरोबर तो एक पाऊलसुद्धा चालला नाही. तो बसायचा, आर्लन! डब्यांच्या कडेने बर्फ तुडवत चालायचा तो गार्ड. ओरव्हिल पार पुढे, वळणापलीकडे. मागचं काही दिसायचं नाही. गार्डच्या इशाऱ्यावर भरवसा ठेवून तो गाडी हलवायचा. एकाने चालवायची, एकाने चालायचं, तेव्हा कुठे गाडी होते. तुझ्या रेल्वेत ड्रायव्हर पैशाला पासरी, गार्ड एकही नाही.

नॉर्माचे गुडघे अजून शाबूत आहेत. शहाण्याला जास्त सांगणे न लगे.
तुझी व्हर्ना

*

आल्टूना
६ मार्च

प्रिय व्हर्नाताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, त्यावर दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. मग एल्डनकडून पाटी वर आणवली आणि खाली एक ओळ लिहिली: किंवा गाडीबरोबर गार्ड असावा. शनिवारच्या गिऱ्हाइकाला गॉब खायला घालून परत पाठवलं.

काल नॉर्मा गार्ड झाली. हातात लांब दांड्याचा झाडू. त्याच्या दांड्याने छताला एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी वर टेबलाशी, हातात तो गरीब बिचारा फोन. दोन ठोके पडले आणि मी पट्टी सरकवली. गाडी बोगद्यातून गेली, पुलावरून गेली, वॉशिंग मशीन ओलांडलं. माझ्या पायाखालून ती गेली आणि तिच्याबरोबर नॉर्माची पावलंही गेली. मधूनच ती खालून ओरडायची, आर्लन, वेग कमी कर, मला धाप लागतेय.

अगदी शेवटी, घर गरम करणाऱ्या भट्टीच्या मागे, एक टीचभर स्टेशन आहे. ते बांधलं तेव्हाच मी त्याच्यावर नॉर्मा नावाची पाटी लावली होती. तिला सांगायचं राहूनच गेलं.

तिथे एक ठोका पडला. मी गाडी थांबवली. पुढचे दोन ठोके काही केल्या येईनात. माझ्या शेजारी बसलेल्या एल्डनने वाकून विचारलं, फोन बिघडला का. मी म्हटलं, फोन ठीक आहे, गार्डचा इशारा यायचाय. मग ताई, मी नुसता वाट बघत बसलो.

लोभ आहेच, नॉर्माच्या वाट्याचाही यात धर.
तुझा आर्लन