त्या दिवशी भात लावला नाही

थप्येगोन,
कसोन महिना, वद्य पंचमी

चि. जेया,

आईचे आशीर्वाद. तू जिथे असशील तिथे कोरड्या जागी झोपतोस आणि पोटात काहीतरी जातं, असं मी धरून चालते. तसं नसलं तरी मला कळवू नकोस.

हे पत्र मासळीवाल्या दो ऐ मूच्या टोपलीत सुक्या मासळीखाली लपून येईल. वास आला तर नाक मुरडू नकोस. इकडचे फोन हल्ली बंद केलेत, त्यामुळे आता सगळ्यांच्या खुशाल्या मासळीच्या वासानेच पोचतात.

इकडचं म्हणशील तर मागच्या आंब्याला यंदा भरमसाट फळ आलंय. पाडायला कुणी नाही, खाली पडून सडतंय. विहिरीला पाणी आहे. सनईवाला को लाट बायकोच्या माहेरी पळाला, तो परत येईल असं वाटत नाही. वरची एक ओळ खोडलेली दिसत असेल तुला. त्यात बाबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते सोड.

गावात आमच्याशी कुणी बोलत नाही. चहावाला ऊ चिट म्हाइंग मला बघितलं की कपबशा धुवायला लागतो. कपबशा धुतलेल्या असल्या तरी. तुला हे नवीन नसणार, सुरुवात तुझ्यापासूनच झाली. 'खुन्यांपुढे ढोल वाजवणारा हा माणूस माझा बाप नाही' हे तू लिहिलंस, ते त्याच्याच दुकानात एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. सोबत बाबांच्या वाजवण्याचा तो व्हिडिओ होताच. तुझे बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी चहा पुरता संपवला, पेला आत नेऊन ठेवला आणि घरी आले. मला म्हणाले, "पोराचं अक्षर सुधारलंय म्हणतात." फोनवरच्या लिहिण्याला कसलं आलंय अक्षर!

आता नीट सांगते.

पाण्याच्या सणाला यंदा कुणी दाराबाहेर पडायचं नाही, गाणं नाही, वाजप नाही, असं सगळ्या गावांनी ठरवलं होतं. तुम्ही लढायला गेलेल्या पोरांनीच तसा निरोप धाडला होतात. मग शिपाई बाबांना शोधत आले. "तालुक्याला मांडव घातलाय, त्यात ऊ ओन खाइंगचा सैंग हवा, ढोलांसकट सगळा ताफा. नाही आला तर वरच्या गावाचं काय झालं ते बघून या." वरच्या गावात आता फक्त विहार उभा आहे. बाबा एवढंच म्हणाले, "येतो."

सणाच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. लग्न होऊन आले तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी मी दोन भात लावत आले. जेवणाचा मोकळा, ढोलांचा गिचका. त्या गिचक्या भातात राख मळून लेप करायला तू बाबांच्या मांडीवर बसून शिकलास. कुठल्या ढोलाला बोराएवढा गोळा, कुठल्याला चिमूट, हे तुला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. सगळे ढोल आपापल्या सुरात आल्याशिवाय बाबा ढोलांच्या गोल कड्यात शिरत नसत, मग यजमान कितीही ओरडो. वाजवून झालं की लेप खरवडायचा. शिळ्या लेपावर आपल्या घरात कुणी थाप मारलेली नाही.

तर मी तांदूळ धुवायला घेतले आणि हे म्हणाले, "आज ढोलांचा भात नको लावूस."

"मग सुरात कसे आणणार?"

"नाही आणायचे."

"अहो, तसे वाजवलेत तर कुत्री पळतील!"

"पळू देत. नाहीतरी तीच येणार आहेत ऐकायला."

मला हसू आलं, आणि मग मी गिचक्या भाताचे तांदूळ बाजूला काढून ठेवले.

मांडवात मी मागे, झांजेच्या शेजारी बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर सगळे गणवेशातले, त्यांच्या बायका, पोरं. पहिली थाप पडली आणि को लाटच्या तोंडातून सनई सुटली. जेया, एकही ढोल दुसऱ्याशी बोलत नव्हता. हात मात्र तसेच चालले होते, लय केसभरही हलली नाही. चेहऱ्यावर तेच हसू, जे तुझ्या मुंडनाच्या मिरवणुकीत होतं. ज्या ढोलांवर या गावातला प्रत्येक मुलगा चीवर घालायला गेला, ते ढोल त्यांनी त्या लोकांसाठी कोरडे ठेवले. संध्याकाळ होईपर्यंत वाजवत राहिले. शिपाई नाचत होते, टाळ्या पिटत होते, पाणी उडवत होते, फोन वर धरून व्हिडिओ घेत होते. एकालाही कळलं नाही. मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं पाणी गेलं डोळ्यात.

एकाला कळलं होतं. कार्यक्रम संपल्यावर एक मेजर वर आला. तरुणच होता, बोलायला गोड. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा सैंगमध्ये होते. लेप लावायला विसरलात का?"

मी मध्येच म्हणाले, "वय झालंय साहेब, हल्ली काही लक्षात राहत नाही त्यांच्या." आणि ह्यांच्या पाठीला चिमटा काढला. नुसती मान हलवायची होती, जेया. त्या माणसाने दार उघडंच ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "विसरलो नाही. तुमच्यासाठी आमच्या घरी भात लावला नाही."

मेजर हसला. पुन्हा वाकून नमस्कार केला आणि गेला. त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. त्याच दिवसांत तुझं ते लिहिणं आलं. मी म्हटलं, त्याला निरोप धाडूया, खरं काय ते कळवूया. तर म्हणाले, "त्याला सांगावं लागणार नाही. तो ऐकेल." रोज म्हणायचे, ऐकेल.

मग एका सकाळी दात घासत असताना त्यांना घेऊन गेले. परत दिलं ते प्लास्टिकमध्ये बांधून. हात बघू नका म्हणाले. मी बघितले. त्याबद्दल लिहिणार नाही.

तुझे बाबा गेले, जेया. इतकी पानं मी याच ओळीला टाळत होते.

खांदा द्यायला गावातून कुणी आलं नाही. मी ऊ चिट म्हाइंगच्या दारात जाऊन सांगितलं, बेसूर वाजवलं म्हणून मारलं त्यांना. तो म्हणाला, "वहिनी, काहीही काय! बेसुरासाठी मारत असते तर माझा मेहुणा लग्नातच गेला असता." दुकानातले सगळे हसले. तीस वर्षं यांच्या ढोलांवर नाचलेली माणसं ती. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, ऐकला कुणीच नाही. ते अडाणी आहेत, त्यांना मी सोडून देईन. तुला कसं सोडू? तू ऐकला असतास तर पहिल्या थापेला उठून बसला असतास. तू आवाज बंद करून बघितलास. मला तुझा राग येतो. रोज सकाळी उठते तेव्हा आधी तुझी काळजी वाटते आणि चूळ भरेपर्यंत राग येतो.

शत्रूने त्यांचं वाजवणं नीट ऐकलं आणि पोराने नाही, हे मला गिळता येत नाही.

उद्या सातवा, गेलेल्याने घर सोडायचा दिवस. विहारातले थोरले भिक्खू जेवायला येतो म्हणालेत. मी मोकळा भात लावीन आणि त्या दानाच्या पुण्याचा वाटा ह्यांना देताना हाक मारीन. पण माझ्या हाकेने ते जातील असं वाटत नाही. काल अंगणातलं ढोलांचं कडं वाऱ्याने हललं, तेव्हा मला वाटलं, थांबलेत. कुणासाठी ते मला माहीत आहे.

हे पोचेल तेव्हा सातवा होऊन गेलेला असेल. चालेल, ते थांबतील. आधी तो व्हिडिओ शोध. आवाज मोठा कर आणि फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐक. मग उभा राहून तीनदा म्हण, "बाबा, तुमचा वाटा घ्या." बाबा म्हणायचं. नुसतं 'वाटा घ्या' म्हणालास तर वाटेवरचा दुसराच कुणी घेऊन जाईल, आणि हे तसेच थांबून राहतील.

ऊ ओन खाइंग यांची बायको, आणि त्यांच्यामुळेच तुझी आई,
म्या नेन