'तेरणा'च्या नावाची अक्षरं

२ जानेवारी १९४९
नव्या वर्षाचा संकल्प : कुणाचा हेवा करायचा नाही आणि कुणाला टोचून बोलायचं नाही.
विरुपाक्ष वकील आला होता. निजामाच्या राज्यात ज्याचं नाव काढायची सोय नव्हती, ते त्याचं मराठी साप्ताहिक 'तेरणा' आता संक्रांतीला निघतंय. पहिल्या पानावर नाव कोणत्या अक्षरांत छापायचं, हे पार्वतम्माबाईंनी, म्हणजे मी, ठरवायचं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. धाराशिवात टेस्ट असलेली दुसरी आहे कोण? (हे टोचणं नव्हे. वस्तुस्थिती.)
जाताना एक कागद ठेवून गेला. अणदूरच्या इरम्मानं बोरूनं लिहिलेलं 'तेरणा'. इरम्मा माझ्याच शाळेतली मास्तरीण. शाळेत सगळा उर्दूचा जोर, म्हणून ही संध्याकाळी मठात मुली बसवून मराठी गिरवून घ्यायची. आता मोतीबिंदू झालाय. हे शेवटचंच, पुन्हा लिहिणं होणार नाही, असा निरोप आहे.
निकाल निःपक्षपाती देईन.

४ जानेवारी
इरम्माचा कागद गादीवर, चादरीखाली घातला. सपाट राहावा म्हणून. दुसरं काही कारण नाही.
अक्षर बरं आहे. पण इन्स्पेक्टरसाहेब दरवर्षी माझं इंग्रजी भाषण अर्ध्यावर सोडून तिचा फळा बघत बसायचे, ते काही सभ्यपणाचं नव्हतं.

६ जानेवारी
सोलापूरच्या टाइपवाल्याचं नमुन्यांचं पुस्तक आलं. एक टाइप बघताक्षणी आवडला. प्रत्येक अक्षराला शेपूट, शेपटाला फूल. मदर सुपीरियरच्या ख्रिसमस कार्डासारखा.
छापखान्याचा ईरण्णा डोकं खाजवत म्हणाला, "बाई, ही अक्षरं म्या कुठंतरी बघितल्यात." मी म्हटलं, छापखानेवाल्यानं अक्षरं बघितलेली असणं चांगलंच.

७ जानेवारी
विरुपाक्षानं विचारलं, इरम्माबाईंच्या अक्षराचं काय? मी सांगितलं, तिनंच नको म्हटलं.
तसं तिनं म्हटलेलं नाही. पण विचारलं असतं तर म्हटलं असतं. भिडस्त बाई. मी फक्त मधला वेळ वाचवला.

९ जानेवारी
झोप नाही. रात्रीच्या जेवणातलं ताक बाधलं. ताक बंद.
इरम्माला शेंगदाण्याची चटणी पाठवली. सहजच. गौराबाई धुणंभांडी करायला येते, चटणी कुटायला नव्हे, हे तिनं मला ऐकवलं. वर म्हणते, "येवढी चटणी? लगीन हाय का कुनाचं?" या बाईला जास्त बोलायची खोड आहे.

११ जानेवारी
ताक बंद करूनही झोप नाही. म्हणजे थंडी. शेकायची रबरी पिशवी काढली. ती गळते. सकाळी अंथरूण ओलं. आजकालच्या रबरात राम नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
अंक निघाला. नाव फार देखणं दिसत होतं. अर्धा तास.
मग माकणीचा कुणी शेतकरी छापखान्यापाशी थांबला, पहिलं पान बघितलं आणि म्हणाला, "तंबू कुठं लागलाय, मालक?"
तेव्हा ईरण्णाला आठवलं. गजराबाईच्या तमाशाच्या जाहिराती याच अक्षरांत असतात. दर जत्रेला भिंती भरतात.
मी जत्रेला जात नाही. मला कळणार कसं? जे जातात त्यांनी आधी सांगायला नको?

१६ जानेवारी
अणदूरला गेले. इरम्माला सगळं स्पष्ट सांगायचं असं मोटारीत पक्कं ठरवलं होतं.
तिनं अंक नाकाला लावला. म्हणाली, "नुस्तं काळं काळं दिसतंय. माजंच अक्षर हाय न्हवं, बाई?" माझ्या तोंडात तिचा तिळगूळ होता. "हो" म्हणाले. संक्रांतीत गोडच बोलायचं असतं.
पुढच्या खेपेला सांगेन.

२० जानेवारी
तिनं तो अंक गावभर दाखवला. मी नको म्हटलं असतं, पण मला विचारलं कुठं? आता पारावरची माणसं तिला विचारतात, "मास्तरीणबाई, ढोलकीबी तुमीच वाजवनार का?"
आज ती इथं विरुपाक्षाकडं उतरली आहे. छापखान्यात आम्हां सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माजी. डोळं गेलं, हात वळला न्हाय. पार्वतम्माबाईंनी भिडंपायी तसंच घेतलं. त्यास्नी कुनी बोलू नका."
विरुपाक्ष तिच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं बघायला लागला. वकिलांनी असं बघू नये.
मी म्हटलं, इरम्माचं मन मोठं आहे. एवढंच सुचलं.
घरी येऊन कागद बाहेर काढला. आता छापायला देऊनच टाकायचा. काजळीची शाई, पिशवीचं पाणी, वरून मी. कागदावर नुसता करडा डाग उरला आहे. अक्षरं चादरीच्या आतल्या बाजूला उठली आहेत. उलटी, पण सगळी. काना न् काना.

२१ जानेवारी, सकाळ
गौराबाई धुणं मागते आहे. "उठा की बाई, चादर द्या." मी चादरीवर बसून हे लिहिते आहे.
धुतली तर कुणाला काहीच कळणार नाही. नाहीतरी अंथरुणाची चादर चारचौघांत नेणं बरं दिसत नाही. स्वच्छता म्हणूनही काही गोष्ट असते.
पाणी तापलं, असं ती दुसऱ्यांदा म्हणाली.

संध्याकाळ
चादर छापखान्यात नेली. न धुता. छापलेली अक्षरं इरम्माची नव्हेत, तिची ही, असं सांगितलं.
ईरण्णा खूश. "उलटी हायेत त्ये झ्याक झालं, छपाईचा ब्लॉक उलटाच कोरायचा असतोय." त्याच्याशिवाय कुणी खूश नव्हतं. विरुपाक्ष खिडकीबाहेर बघत होता.
इरम्मानं कापड चाचपलं. "चादर कुनाची?"
माझी, म्हटलं.
तिनं दुसराही हात कापडावर ठेवला. मग म्हणाली, "आन् इतकं दिस यावर तुमाला झोप कशी लागली, बाई?"
लागली नाही, असं मी सांगितलं.
ताकाचा काही दोष नव्हता.