आपल्या विहिरीतून जाळ आला, त्याविषयी

प्रिय सिल्वियुदादा,

वेतुरियाचा नमस्कार. तुझे गुडघे, वहिनीचा दमा आणि तुमचा बोका, सगळं ठीक असेल अशी आशा करते. इकडे आम्ही जिवंत आहोत. (हे उगाच लिहीत नाही, पुढे वाच.)

महिनाभर माझ्या सूपला रॉकेलचा वास येत होता. तुझे मेहुणे निकानोर म्हणायचे, तुझ्या हाताला चवच तशी. रविवारी चर्चमधून आल्यावर ते पेटती सिगारेट तोंडात धरून विहिरीत डोकावले आणि दादा, आतून भक्कन जाळ आला! पाण्यातून जाळ! माणूस वाचला, भुवया गेल्या.

वाटलं, आता तरी हे देवाचं नाव घेतील. तर यांनी लग्नातला कोट चढवला आणि 'आमच्याकडे तेल लागलं' म्हणून गावभर सांगत फिरले. (कोट घालून, भुवयांशिवाय.) खरं तर टेकडीवरच्या तेलाच्या डेपोची पाइपलाइन फुटून तेल जमिनीत मुरलंय. ते उपसायला डेपोची माणसं आली, तर हे फाटक अडवून उभे. म्हणे, माझ्या जमिनीतलं तेल माझं!

त्यांची इंजिनिअर, दोम्निका, शांतपणे म्हणाली, "बरं. तेल तुमचं, तर गल्लीतल्या सगळ्या विहिरी तुमच्याच तेलानं नासल्या. साफ करून द्या."

"कसलं तेल?" म्हणत यांनी स्वतःच फाटक उघडलं.

आता माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात बोअर आहेत. पंप आधी पाण्यावरचा तेलाचा थर ओढतात, मग पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळतात. पाणी प्यायला कधी मिळेल, विचारलं. दोम्निका म्हणाली, "वर्षं लागतील. बरीच." मला थट्टा वाटली, मी हसले. ती हसली नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार.

तुझी,
वेतुरिया

ता.क. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. ते अंथरुणावरून उठत नाहीत, कानांनी ऐकू येत नाही, आणि स्वतः खणलेल्या विहिरीच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी पीत नाहीत. मी टँकरचं पाणी देते. ते मिटक्या मारून म्हणतात, "असं पाणी जगात नाही." मला आता हे सोसवत नाही. हिवाळाभर त्यांना तुझ्याकडे नेशील का?

ता.क. दुसरा. बाबांना लिहून विचारलं, ते तयार आहेत. अट एकच, सोबत त्यांच्या विहिरीच्या पाण्याचे दोन बुधले हवेत. टँकर आलाय, भरायला जाते. तुलाही घोटभर देतील. तोंड वाकडं करू नकोस, 'वा' म्हण.