दुसरी ओळ तुझी

मंगळवार, १४ तारीख

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

आठवतं का, आपण दोघी न्हाणीघरात रिकामी बादली तोंडावर धरून गायचो? शाळेच्या प्रार्थनेत सिस्टरांनी तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, म्हणून तू घरी येऊन बादलीत सूड उगवायचीस. पहिली ओळ माझी, दुसरी तुझी. आई बाहेरून ओरडायची, "अगं, तिच्यात पाणी भरायचंय, सूर नाही!"

मी अजून तेच करते, फक्त बादलीऐवजी कपाट. रजयांच्या मधे स्टूल, मांडीवर जुना टेपरेकॉर्डर, तालाला बटणांचा डबा. 'रुसलेला कुकर' हे माझं गाणं तुझ्या लेकीने नेटवर चढवलं, ते एकशे बारा वेळा ऐकलं गेलं. त्यातल्या शंभर वेळा तूच ऐकलंस, असं ती म्हणते.

गाण्याखाली एकाने लिहिलं होतं, "मावशी, तुमच्या गाण्यातली खरखर फार गोड. कोणतं यंत्र वापरता?" मी हरखले आणि टेपरेकॉर्डरची सगळी कुळकथा कळवली. पण खरखर वाढतच गेली. स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, कॅसेट बदलल्या, माइकला पायमोजा घातला. शेवटी टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझी दोन वर्षांपूर्वीची कॅसेट लावली. धुतल्या काचेसारखी स्वच्छ! मग नवी लावली. थोडं ऐकून बंद केली.

"बाई, यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही घसा दाखवा."

मी म्हटलं, "मग घशाचंच हेड पुसून द्या." तो हसला नाही.

हे गेल्या पत्रात लिहिणार होते, पण पडद्यांच्या कापडावरच दोन पानं भरली. आता लिहिते. स्वरयंत्रावर गाठ आहे. तुकडा तपासला, चांगली नाही. पुढच्या गुरुवारी, २३ तारखेला काढणार. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बऱ्या व्हाल, पण आवाजाचं आत्ता सांगता येत नाही."

चिमे, मला फार भीती वाटते गं. दूधवाल्याला "उद्या नको" म्हटलं तरी वाटतं, दोन शब्द उगाच गेले. कपाटात बसते, बटण दाबते आणि तोंडच उघडत नाही. टेपवर नुसता माझा श्वास येतो. तो ऐकून आणखी घाबरते.

काल मात्र गायले. एकच ओळ.

आता नीट वाच. टेपरेकॉर्डर तुझ्या लेकीला. सुरू करताना डावं बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं, नाहीतर तो रुसतो. बटणांचा डबा शेजारच्या शिंपीणबाईंना. निम्मी बटणं त्यांचीच आहेत. स्वच्छ आवाजाच्या जुन्या कॅसेट दुरुस्तीवाल्याला. निघताना त्याने हळूच विचारलं होतं, "ती कुकरवाली पुन्हा ऐकवाल?"

कपाटातल्या निळ्या डबीतली कॅसेट तुला. तिच्यात आपलं बादलीतलं गाणं आहे. पहिली ओळ गाऊन मी गप्प बसले आहे, तुझी ओळ मावेल एवढा वेळ. गुरुवारी ये. मी शुद्धीवर आले की ती ओळ माझ्या कानाशी म्हण. मला पुढचं म्हणता आलं नाही तर रडू नकोस, पुन्हा तीच म्हण. आणि नुसते ओठ हलवायचे नाहीत.

गुरुवारपर्यंत तरी आवाजासकट,

तुझी ताई