बहार विकास बाँड, दर तीनशे दिरहम

४ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून डायरी. मोठ्या कामाची नोंद पाहिजे.
आमच्या बहार कंपाउंडातली बाग नीट पाहिली. झोका म्हणून दोन साखळ्या लोंबतायत, पाट नाही. घसरगुंडीला मध्येच भोक. माझी ईश्वरी तेरा वर्षांची, तिला फरक पडत नाही. पण चार बिल्डिंगांत लहान पोरं साठ-सत्तर असतील, ती पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे खेळतात. मॅनेजर अजीजला गाठलं. म्हणाला, बजट नहीं है, नेक्स्ट इयर इन्शाल्ला. हे इन्शाल्ला मी इकडे आखातात सत्तावीस वर्षं ऐकतोय. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात बारा जणांच्या खोलीत राहून वर आलेला माणूस आहे मी. कोणतं इन्शाल्ला खरं आणि कोणतं दार लावण्यापुरतं, हे माझ्या कानाला कळतं.
संध्याकाळी मोबाइलवर वाचलं, तिकडे भारतात एका महापालिकेने बाँड काढले. लोकांचा पैसा, लोकांची शाळा, बाग, वाचनालय. डोक्यात ट्यूब पेटली. वर्गणी म्हटलं की लोक दार लावतात. बाँड म्हटलं की चष्मा लावतात.
एकशे चाळीस फ्लॅट. तीनशे दिरहम प्रत्येकी, म्हणजे सात हजार रुपये. एकूण बेचाळीस हजार, म्हणजे दहा लाख. त्यात बाग, पार्किंगशेजारच्या बंद खोलीत वाचनालय आणि शाळा सुटल्यावर पोरांचा अभ्यासवर्ग. तीन वर्षांनी पैसे परत. कसे, ते ठरेल.

७ ऑक्टोबर
टायपिंग सेंटरमधून बाँड छापून आणले. सोनेरी काठ, जाड कागद. नाव कोणाचं घालायचं हा प्रश्न होता. माझ्या कंपनीचं घातलं नाही; लायसन्स एसी मेंटेनन्सचं, ते बागेला कशाला बांधा. शेवटी ‘कलेक्शन इनचार्ज’ म्हणून आमचा वॉचमन मुश्ताक. बिजनोरचा, अकरा वर्षं इथे, प्रत्येक पोराचं नाव तोंडपाठ. लोक मला नाही म्हणतील, त्याला म्हणणार नाहीत. तो म्हणाला, साहब, मेरा नाम क्यों, आपका डालिए. म्हटलं, अरे, इज्जत है. बिचाऱ्याने कॉलर नीट केली आणि सही केली.
माणसं मोठी करावीत, हे माझं तत्त्वच.

९ ऑक्टोबर
तिसऱ्या मजल्यावरचा ॲल्फ्रेड आला. वसईचा, बँकेत कंप्लायन्सला, म्हणजे नियम तपासायला. बाँड दोन बोटांत धरून म्हणाला, गुणवंता, ही वसई नाय. इकडे परवानगीशिवाय पैसे गोळा करणं गुन्हा आहे, आणि तू तर पुरावा छापून वाटतोयस. मी म्हटलं, चहा घे. नाही म्हणण्याचा पगार घेणारा माणूस. त्याला घरी तरी सुट्टी असावी.
सुचित्रा चहा देताना म्हणाली, अहो, आधी विचारा, मग वाटा. बायकांना क्रम फार लागतो.
तरी ठरवलं: परवानगीचं बघायचं. पहिले वीस बाँड गेले की.

१७ ऑक्टोबर
तेवीस बाँड. लिफ्टमध्ये मागे दोघी कुजबुजत होत्या, वो एसीवाला सनकी है, लेकिन बच्चों के लिए कर रहा है. उत्तरार्ध महत्त्वाचा.
परवानगी: दिवाळीनंतर.

२२ ऑक्टोबर
बासष्ट! मुश्ताकला फराळाची ताटं घेऊन दारोदार पाठवलं. चकली खाल्लेला माणूस नाही म्हणत नाही. बासष्टावा बाँड खुद्द मुश्ताकने घेतला. पगार चौदाशे, त्यातले तीनशे. मी नको म्हणणार होतो. तेवढ्यात त्याने विचारलं, साहब, तीन साल में वापस मिलेगा ना? तब मेरी बेटी कॉलेज जाएगी. म्हटलं, हबीबी, गुणवंत की जबान है.

५ नोव्हेंबर
किरकोळ अडचण. कोणीतरी बाँडचा फोटो वर पाठवला. दुपारी पोलिसांनी मुश्ताकला चौकशीला नेलं. मी जुमेरा लेक टॉवर्समध्ये, चौतिसाव्या मजल्यावर, एसीच्या चिलरच्या कामावर. त्याचे चार मिस्ड कॉल. चिलरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.
मला एरवी येतो. आज नाही आला.

६ नोव्हेंबर, सकाळी ६
ठरलं. आज जाऊन सांगायचं. कल्पना माझी, कागद माझे, त्याला सोडा.

त्याच दिवशी, सकाळी ११
नीट विचार केला. कंपनीचं लायसन्स वीस तारखेला रिन्यू व्हायचंय. कामावरच्या चौदा पोरांचे व्हिसा माझ्यावर. मी अडकलो तर चौदा घरं उघडी पडतात; मुश्ताकचं एकच. गणित कठोर आहे, पण बरोबर आहे. वीस तारखेनंतर जाईन.
त्याला वकील बघणे.

८ नोव्हेंबर
सगळ्यांचे पैसे परत केले. स्वतः गेलो दारोदार. कोणी आत ये म्हटलं नाही. ॲल्फ्रेडने बाँड घेतलाच नव्हता, तरी दारात उभं करून विचारलं, गेलास? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. म्हणाला, प्रोसेसमध्ये मुश्ताक आहे. तू घरात आहेस.
मुश्ताकचे तीनशे पाकिटात घालून वेगळे ठेवलेत.

१४ नोव्हेंबर
अजीजकडून कळलं, मुश्ताकने माझं नाव घेतलेलं नाही. कितीही विचारलं तरी एकच, मेरा ही आइडिया था. ऐकून गलबलून आलं. अशी माणसं पैशाने मिळत नाहीत, जोडावी लागतात.
आता मी जाऊन वेगळं सांगितलं तर तो खोटा पडेल. त्रास त्यालाच. हा मुद्दा ॲल्फ्रेडच्या लक्षात आलेला नाही.
जेवताना ईश्वरीने विचारलं, बाबा, डिड मुश्ताक अंकल डू समथिंग राँग? म्हटलं, प्रोसीजरल मिस्टेक. हूज? म्हणाली. सुचित्राचा भाजीचा डाव मध्येच थांबला. मी पाणी प्यायलो.

२१ नोव्हेंबर
लायसन्स रिन्यू झालं. उद्या जातो.

२२ नोव्हेंबर
शनिवार निघाला. शनिवारी मोठे साहेब नसतात.

२६ नोव्हेंबर
टायपिंग सेंटरमध्ये माझा जबाब अरबीत लिहून घेतला. एक पान. मला वाचता येत नाही, त्यामुळे फार हलकं वाटलं. खिशात ठेवलाय.
वकील: फी विचारली. पाच हजार दिरहम, म्हणजे सव्वा लाख. दुसरा बघणे.

२ डिसेंबर
नॅशनल डे. सगळं बंद. नेमका आज निघालो होतो.

४ डिसेंबर
सुचित्रा म्हणाली, तुम्ही जात नसाल तर मी जाते. म्हटलं, तुझा काय संबंध, तुझी सही आहे का बाँडवर? म्हणाली, तुमची तरी कुठे आहे?
मूड नाही. आज एवढंच.

११ डिसेंबर
मुश्ताकला परत पाठवलं. नोकरी गेली, व्हिसा रद्द. पुन्हा इकडे येता येईल असं कोणी म्हणत नाही. अकरा वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं, ती अजीजने पोचवली. मी एअरपोर्टवर जायचं नक्की केलं होतं. फ्लाइटची वेळ कोणी सांगितली नाही.
मी विचारली नव्हती.
तीनशेचं पाकीट टेबलावरच. बिजनोरचा पत्ता अजीजकडे असेल. मागणे.
नवीन वॉचमन आलाय. पोरांची नावं त्याला ठाऊक नाहीत. यल्ला, यल्ला करत सगळ्यांना पार्किंगमधून हाकलतो.

१५ डिसेंबर, सोमवार
गेलो. खरोखर पोलीस ठाण्यात गेलो. मुश्ताक सुखरूप घरी पोचला, त्याला आता धोका नाही. म्हणजे खरं सांगायला हरकत नाही. टोकन नंबर सत्तेचाळीस. जबाब हातात. घाम एवढा, की कागद दमट झाला. नंबर आला. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, येस सर, विच सर्व्हिस? तिच्या मागे सर्व्हिसांची यादी लावली होती. मी वाचत राहिलो. मागच्या माणसाने घसा खाकरला. यादीत जी पहिली दिसली ती मागितली. फी भरली. बोटांचे ठसे दिले. शुक्रन म्हटलं.
बाहेर येऊन पाहिलं तर जबाब पुन्हा खिशात होता, आणि मी तो कधी ठेवला ते आठवेना.

१९ डिसेंबर
आला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला. शिक्क्यासकट, इंग्रजीत आणि अरबीत. माझ्या नावावर कसलीही नोंद नाही.
सुचित्राला दाखवला. तिने सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाली, फ्रेम करायचा का? हॉलमध्ये जागा आहे.
म्हटलं, उद्या बघू.